शिकारीचा घोडा आणि बारमाही वैरण

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत रॉकी पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. तेथील माँटाना राज्यांत बॉब मार्शल यांच्या नांवाचें विस्तीर्ण राखीव अरण्य आहे. १९६४ च्या कायद्यानें अशा अरण्यांत मोटारीला मज्जाव आहे. तेव्हां शरद् ऋतूंत एल्क नांवाच्या थोरल्या हरणाच्या शिकारीस निघालेल्या माणसापुढें दोनच साधनें उरतात : आपले पाय, नाहीं तर घोड्याचे.

घोड्याची योग्यता शिकार साधल्यावर कळते. पूर्ण वाढलेला एल्क नर सुमारें ३०० किलो भरतो. हाडें काढलीं तरी १०० किलोंच्या आसपास मांस उरतें. तीस-तीस किलो पाठीवर घेऊन दहा किलोमीटरची वाट तुडविणाऱ्या एकट्या शिकाऱ्यास तीन-चार खेपा कराव्या लागतात. आणि हवा उबदार असेल, तर शेवटच्या खेपेपूर्वींच मांस बिघडूं लागतें. खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा तेथें गुन्हा आहे. हेंच ओझें दोन खेंचरें एका फेरींत उतरवून आणतात.

परंतु हंगाम थोड्या आठवड्यांचा; पोट मात्र बारा महिन्यांचें. ४५० किलो वजनाच्या घोड्यास शेंकडा २ या प्रमाणानें रोज ९ किलो वाळलेलें गवत लागतें. वर्षाचा हिशेब सव्वातीन टनांवर जातो. उन्हाळ्यांत कुरणाची चराई मिळाली तर तो उतरतो. बर्फ पडलें कीं सारा भार गंजीवर. शिवाय सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंद, जंतांचें औषध, कुंपण, खोगीर हे खर्च आहेतच. आणि एका घोड्यानें भागत नाहीं. एक बसण्यास, तर दुसरा ओझ्यास हवा.

मराठी श्रोत्यांस हा पेंच नवा वाटणार नाहीं. मराठ्यांच्या फौजेंत शिलेदार स्वतःचा घोडा बाळगी, बारगीर सरकारी घोड्यावर बसे. रॉकीमधील शिकाऱ्यापुढेंही तीच निवड असते. ज्याला वर्षांतून एकदांच जावयाचें, त्याला भाड्याचीं जनावरें पुष्कळ स्वस्त पडतात. मात्र भाड्याचें तट्टू कितीही शिकविलेलें असलें, तरी तें आणि स्वार परस्परांस अनोळखी असतात. अस्वलाची चाहूल लागतांच घोडा काय करील, हें अरुंद कड्यावर प्रथमच कळणें बरें नव्हे. ही ओळख रोजच्या सहवासानेंच होते, आणि तिच्यासाठींच शिलेदार खर्च सोसतो.

या हिशेबांत एक रक्कम बहुधा मांडली जात नाहीं. घोडा पंचवीस-तीस वर्षें जगतो. विशी उलटल्यावर चढणीचें काम त्याच्यानें फारसें होत नाहीं. वैरण मात्र लागतेच. अमेरिकेंतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ सालीं बंद झाले; पण त्यानंतरही नकोसे झालेले घोडे कॅनडा व मेक्सिको येथील कत्तलखान्यांकडे रवाना झाले. म्हणून घोडा घेणाऱ्यानें बाजारभाव विचारण्यापूर्वीं, त्या थकलेल्या वर्षांची वैरण आपणांस परवडेल काय, हें स्वतःस विचारावें. उत्तर नकारार्थी आलें, तर बारगीर होण्यांत कांहींच कमीपणा नाहीं.