उघडी जोडणी आणि घरमालक



२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. तत्पूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना धाडलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी लागला. त्यांचे वायफाय उघडे होते. ते परक्यानेच वापरले, असे पुढे तपासात दिसले. आरोप टळला, पण संगणक जप्त झाले, चौकशी चुकली नाही.

हेतू वा जाणीव नसता केवळ निष्काळजीपणामुळे कोणी सहसा गुन्हेगार ठरत नाही, हे खरे. तथापि पोलीस प्रथम येतात ते जोडणी ज्याच्या नावे, त्याच्याच दारी. चाकरमानी मुलगा गावी वायफाय बसवून मुंबईस परततो. उत्तरे द्यावी लागतात वृद्ध आईबापांना. तारकर्लीस पर्यटकांना खोल्या देणाऱ्या आमच्या बांधवांनी तर परवलीचा शब्द भिंतीवरच रंगविलेला! त्यांनी पाहुण्यांची जोडणी निराळी ठेवावी, शब्द वरचेवर बदलावा आणि कोण केव्हा उतरले याची वही नीट लिहावी.