कात्री लावण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर संयोजकांना वाटलं की मी एआयवर बोलेन. त्यावर बोलणारे खूप आहेत. मी आज रेक्झीनवर बोलणार आहे. हसू नका! तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरचे सोफे आणि स्कूटरच्या सीट आमच्या दुकानात शिवून गेल्या आहेत. वडिलांनंतर ते कुशनचं दुकान दादा चालवतो. महिन्यातून दोनदा मी पुण्याहून येते, तेव्हा हिशोब आणि पुरवठादारांचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. त्यातून मला जे कळलं, ते सांगते.

आधी नावाविषयी. ‘रेक्झीन’ हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीचं व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन त्यावर कातड्याची नक्षी उठवायची, असा तो माल होता. आज आपण ज्याला रेक्झीन म्हणतो ते बहुतेक पीव्हीसी असतं. त्याचे तीन थर असतात: मागे विणलेलं कापड, मध्ये मऊ फोम आणि वर पातळ कातडी. त्या कातडीवर गरम रूळ दाबून दाणा उठवलेला असतो. हा दाणा उष्णतेने आणि दाबाने आलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दुकानात रोल आला, उघडला आणि सुरकुती दिसली, की पुरवठादाराचं उत्तर ठरलेलं असतं: “ताणलं की जाईल.” कधी ते खरं असतं, कधी नसतं. कारण सुरकुत्या दोन जातीच्या असतात.

पहिली वाहतुकीची. माल घडी घालून पाठवला, किंवा आडव्या रोलवर दुसरे रोल रचले, की फोम दबतो आणि वळी पडते. थंडीत पीव्हीसी कडक होतं, त्यामुळे हिवाळ्यात आलेल्या मालावर ती जास्त दिसते. ही सुरकुती बहुतेक वेळा जाते. दुसरी कारखान्यातली. लेप देताना किंवा रुळाखाली जाताना मागचं कापडच दुमडलं, तर ती चुणी मालाचाच भाग होऊन बसते. ती कशानेही जात नाही.

ओळखायचं कसं? दादाची रीत सोपी आहे. रोल टेबलावर उलगडायचा आणि बॅटरीचा उजेड वरून न टाकता बाजूने, तिरपा टाकायचा. मग माल उलटा करून मागचं कापड बघायचं. मागे सपाट आणि पुढे वळी असेल तर आशा आहे. मागच्या कापडालाच चुणी असेल, किंवा वळीच्या जागी दाणा पुसट झाला असेल, तर तो माल बाजूला ठेवायचा. वळीवर पांढरी रेघ दिसली तर वरच्या कातडीला ताण बसला आहे असं समजायचं. असा तुकडा बसायच्या जागी वापरला तर तो तिथूनच फाटण्याची भीती असते.

जाणारी सुरकुती काढताना घाई करायची नाही. माल उलगडून रात्रभर सपाट ठेवायचा, किंवा जाड पाइपवर उलट बाजूने सैल गुंडाळायचा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या वळीला थोडा वेळ ऊन द्यायचं, नाहीतर केस वाळवायच्या ड्रायरने मागच्या बाजूने शेकायचं. हात ठेवून बघायचा. हात ठेववत नसेल तर फार तापलंय. आणि मुख्य म्हणजे, ऊब असताना हलकं ताणायचं आणि गार होईपर्यंत ताण सोडायचा नाही. गरम असतानाच सोडलं तर वळी परत येते. हीट गन वापरणाऱ्याने ती एका जागी थांबवू नये. उष्णतेने आलेला दाणा उष्णतेनेच जातो. तिथे जो चकचकीत डाग पडतो तो परत भरून येत नाही. शिवाय पीव्हीसी फार तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, म्हणून खिडकी उघडी हवी.

आता गणिताकडे येते. आपल्या गणिताच्या सरांना हे आवडेल. गेल्या वर्षी आमच्याकडे एका सभागृहाच्या १५० खुर्च्यांचं काम होतं. प्रत्येक खुर्चीला बैठक आणि पाठ मिळून २२ इंची चौरस दोन तुकडे, म्हणजे एकूण ३०० तुकडे. मालाची रुंदी ५४ इंच. एका ओळीत दोन तुकडे बसतात आणि उरलेल्या १० इंचांत कडेच्या पट्ट्या निघतात. ३० मीटरच्या रोलमध्ये अशा ५३ ओळी होतात, म्हणजे १०६ तुकडे. तीन रोल मागवले, ३१८ तुकडे निघणार होते.

तिसऱ्या रोलमध्ये काठापासून ११ इंचांवर लांबीभर चुणी निघाली. मागचं कापड दुमडलेलं. पुरवठादार म्हणाला, “एक रेघ तर आहे, दोन-तीन टक्के सूट घ्या.” पण ११ इंच सोडले की उरतात ४३, आणि दोन तुकड्यांना लागतात ४४! एका इंचाने ओळीतला एक तुकडा गेला. १०६ऐवजी ५३ तुकडे, म्हणजे निम्मा रोल वाया आणि ऑर्डरला ३५ तुकडे कमी. तीच चुणी बरोबर मधोमध असती तर आमचा एकही तुकडा गेला नसता, कारण ती दोन तुकड्यांमधल्या १० इंचांच्या पट्टीत आली असती. म्हणून दोष किती मोठा आहे एवढंच विचारून भागत नाही. तो कुठे आहे हे मोजपट्टी लावून लिहावं लागतं.

लिहिण्यासाठी आम्ही कापड उद्योगातली चार गुणांची पद्धत उचलली. ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३ आणि त्याहून मोठ्याला ४; एका वारात जास्तीत जास्त ४. शंभर चौरस वारांत किती गुण चालतील हे खरेदीच्या वेळीच ठरवायचं. कापडात साधारण ४० धरतात. आकडा समोर आला की “थोडंसंच तर आहे” हा वाद मिटतो.

आणि हे सगळं कात्री लावण्याआधी. १९३०च्या मालविक्री कायद्यानुसार खरेदीदाराला माल तपासायची संधी मिळायला हवी. पण त्याने माल स्वतःचा असल्यासारखा वापरला, किंवा काही न कळवता बराच काळ ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असं धरलं जातं. कापलेला रोल परत करता येत नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण त्यासाठी छोटा दुकानदार कोर्टाची पायरी कुठे चढणार? पुरवठादार लघुउद्योजक म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या कायद्याप्रमाणे मालाबद्दलची हरकत १५ दिवसांत लेखी द्यावी लागते. फोनवरची तक्रार लेखी हरकत होत नाही.

आम्ही तिसऱ्या दिवशी फोटो, मापं आणि लॉट नंबरसकट पत्र पाठवलं. थोडी कुरबूर झाली, पण रोल बदलून मिळाला. नवा रोल वेगळ्या लॉटचा, रंगात किंचित फरक. दादाने तो सगळा बाल्कनीच्या खुर्च्यांना वापरला. एका रांगेत दोन लॉट आले असते तर कोणाच्याही नजरेत भरलं असतं.

तुम्ही म्हणाल, एका रोलसाठी एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे शिवणारे कारागीर नगावर काम करतात. बऱ्याच दुकानांत असं होतं की चुणीचा तुकडा तसाच शिवला जातो, गिऱ्हाईक खुर्ची परत पाठवतं, आणि कारागीर तीच सीट उसवून पुन्हा शिवतो. मजुरी मात्र एकदाच मिळते. चूक कारखान्याची, आणि भुर्दंड त्या साखळीत सगळ्यात कमी कमावणाऱ्या माणसाला. वरून “तुझा हात नीट नाही” हेही त्यालाच ऐकावं लागतं. दारात अर्धा तास घालवून रोल तपासला, की ज्याचा दोष त्याच्याकडे परत जातो. माझ्या कामातही असंच आहे. चूक जितकी उशिरा सापडते तितकी महाग पडते, आणि ती बहुधा भलत्याच माणसाच्या नावावर चढते.

तेव्हा घरचा सोफा शिवायला टाकाल तेव्हा नमुन्याच्या तुकड्यावर थांबू नका, रोल उलगडून दाखवायला सांगा. पूर्ण सोफा एकाच लॉटमधला मागा. आणि परत आलेल्या सोफ्यावर सुरकुती दिसली, तर कारागिरावर ओरडण्याआधी मागचं कापड बघता येतं का ते पाहा.

शाळेच्या सभागृहातल्या खुर्च्यांची कव्हरं बदलायचा विषय आज सकाळी निघाला. आपल्या बॅचने तो मनावर घेतला, तर रोल तपासायला मी बॅटरी घेऊन येईन.