ग्लँडचा थेंब

मी कवी माणूस. पदवी बी.ए.ची. मी रेडिओवर पंपाबद्दल बोलणार म्हटल्यावर घरात हसू झालं. पण आमच्या सोसायटीचा पंप मी स्वतःच्या हातानं बिघडवला आहे, तेव्हा बोलायचा थोडा हक्क मला आहे.

आमची इमारत कोंढव्यात. जमिनीत एक टाकी, गच्चीवर एक, आणि मधे जुना पंप. तो सदा ठिबकायचा. उन्हाळ्याचे दिवस, पाण्याची ओढ, लोकांच्या तक्रारी. आणि सचिव मी. एका संध्याकाळी पाना घेतला आणि ग्लँडचे दोन्ही नट जीव खाऊन आवळले. थेंब थांबला. वर येऊन मोठ्या ऐटीत चहा घेतला. सकाळी पंपाजवळ जळका वास, धूर, आणि मोटर बंद. पुढचे दोन दिवस टँकर. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन जिना चढताना दिसल्या, तेव्हा मला मान वर करवेना.

मिस्त्री आला. पंप उघडून म्हणाला, "साहेब, गळत होता म्हणून चालत होता."

हे वाक्य मला नवं नव्हतं, लाज त्याचीच वाटली. माझे अब्बा एका लहान गावच्या पंपघरात ऑपरेटर होते. पंपाचा पंखा पाण्यात, मोटर बाहेर. दोघांना जोडणारा शाफ्ट आवरणातल्या भोकातून बाहेर येतो. फिरत्या दांड्याभोवती फट ठेवावीच लागते, आणि तिथून पाणी येणारच. म्हणून त्या जागेत ग्रॅफाइट लावलेल्या दोरीची कडी भरतात आणि वरून ग्लँडनं दाबतात. पाझरणारं पाणीच त्या दोरीचं वंगण, आणि तिला थंड ठेवणारंही तेच. थेंब बंद झाला की दोरी कोरडी पडते, तापते, जळते, आणि शाफ्टवर चरे पाडते. अब्बा हातात घड्याळ धरून थेंब मोजत. मिनिटाला ४० ते ६० पडले की समाधान. नवी दोरी भरताना कड्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नसत. आधी ती मोकळी गळू देत, मग नट जरा जरा फिरवत. त्यात अर्धी सकाळ जाई. काही पंपांत ग्लँड सक्शनच्या बाजूला असते. तिथे पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवाच आत शिरते आणि पंप पाणी उचलत नाही. हे सगळं मी लहानपणी शेजारी बसून पाहिलं होतं.

पुणे परिसराला पंप काही नवा नाही. पिंपरीच्या केएसबीची स्थापना १९६० सालची. सांगलीकडची किर्लोस्करवाडी तर १९१० पासूनची. पेशवाईत मात्र कात्रजचं पाणी नुसत्या उतारानं शहरातल्या हौदांत येई. फिरता दांडाच नाही, म्हणून ही कटकटही नाही!

मिस्त्रीनं चरे पडलेली स्लीव्ह बदलली आणि दोरीच्या जागी मेकॅनिकल सील बसवलं. यात दोन चकत्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर. एक बहुधा कार्बनची, दुसरी सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. त्यांची तोंडं इतकी सपाट घासलेली असतात, की तो सपाटपणा प्रकाशाच्या पट्ट्या मोजून तपासतात. मधे पाण्याचा पापुद्रा, साधारण एका मायक्रॉनच्या आसपास. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. म्हणजे गळती इथेही आहेच, फक्त ती इतकी थोडी की बहुतेक वाफ होऊन जाते, डोळ्यांना दिसत नाही. सांगायला हवं, की हे सील दोरीपेक्षा महाग आणि नाजूकही. कोरडं चाललं तर काही क्षणांतसुद्धा निकामी होऊ शकतं, आणि दोरीसारखं नट आवळून सावरता येत नाही.

म्हणून स्विचजवळ मी एक पाटी लावली आहे : 'खालची टाकी रिकामी असेल तर पंप चालू करू नये.' इमारतीतल्या सगळ्यांनी वाचलेली माझी ही एकमेव ओळ.