परदेशी खरेदी, अडत्याची वखार आणि विक्रीकर
(ग्राहक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील दुकानातून संगणकावरून माल मागविण्याची सोय आता खेडोपाडी पोहोचली आहे. परंतु तेथील पुष्कळ दुकानदार भारतात माल धाडीत नाहीत. म्हणून ग्राहक तिकडचा एखादा अडत्या गाठतो. दुकानदार माल अडत्याच्या वखारीत पोचता करतो व अडत्या तो पुढे रवाना करतो. बिलावर विक्रीकर दिसला की ग्राहक बुचकळ्यात पडतो. माल गोव्यात यावयाचा, मग कर तिकडचा का?

अमेरिकेत सबंध देशाचा असा विक्रीकर नाही. ४५ राज्ये तो आपापल्या दराने आकारतात. डेलावेअर, ऑरेगन, माँटाना, न्यू हॅम्पशर व अलास्का या पाच राज्यांचा असा कर नाही. अलास्कात मात्र काही स्थानिक संस्था तो घेतात. दूरच्या खरेदीवर सामान्यतः माल जेथे पोचता होतो तेथील कर लागतो. वखारीपुढे माल समुद्र ओलांडतो, याचा पुरावा दुकानदारापाशी नसतो.

राज्यात स्वतःची जागा वा माणसे नसलेल्या दुकानदारावर हा कर गोळा करण्याची सक्ती १९९२ च्या निकालामुळे करता येत नसे. २१ जून २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात तो नियम रद्द केला. तेव्हापासून कराची ही ओळ अधिक बिलांवर दिसू लागली.

समजा, एका शिक्षकाने शाळेसाठी २०० डॉलरचा सूक्ष्मदर्शक मागविला. वखार फ्लोरिडात असल्यास राज्याच्या ६ टक्के दराने १२ डॉलर होतात. स्थानिक अधिभार निराळा. वखार डेलावेअरमध्ये असल्यास विक्रीकर शून्य. मात्र तेथून वाहतूक महाग पडली, तर वाचलेले तेथेच खर्ची पडते.

निर्यात होणाऱ्या मालास करमाफीची तरतूद अनेक राज्यांत आहे. परंतु ती पुराव्यावाचून मिळत नाही. टेक्सस राज्यात परवानाधारक सीमाशुल्क दलालाने दिलेल्या निर्यात प्रमाणपत्रावर दुकानदार कर परत करू शकतो. यास्तव खरेदीपूर्वीच अडत्यास विचारून घ्यावे.

तिकडचा कर भरला म्हणून इकडचा चुकत नाही. भारतात सीमाशुल्क व एकात्मिक वस्तू व सेवा कर द्यावाच लागतो, आणि मूल्य ठरविताना वाहतूक व विमाही धरला जातो. वेष्टनावर ‘भेट’ असे लिहून सुटका होत नाही. राखी व प्राणरक्षक औषधे वगळता भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये संपुष्टात आली. खोटे मूल्य दाखविल्यास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ अन्वये माल जप्त होऊ शकतो आणि दंडही होतो.

तात्पर्य, वस्तूची किंमत, तिकडचा कर, अडत्याचे शुल्क, वाहतूक व इकडचे कर यांची बेरीज आधी कागदावर मांडावी आणि मूळ बिल जपून ठेवावे. बेरीज परवडली तरच माल मागवावा. कष्टाचा पैसा अशानेच सुरक्षित राहतो.