शास्त्रदानाची सामुदायिक वाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



शास्त्रदानाची सोलापूरची परंपरा थोर आहे. ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० साली आपली न्यायोपार्जित संपत्ती सत्कार्यी लावण्याचे योजिले. परंतु निर्णय एकट्याने घेतला नाही. देशभर हिंडून विद्वानांची मते घेतली आणि १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांस एकत्र आणले. त्यातूनच जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. प्रारंभी ३० हजार रुपये देणाऱ्या ब्रह्मचारीजींनी १९४४ साली सुमारे २ लाखांची सर्व मालमत्ता संघास अर्पण केली.

आज त्या कार्यास मराठी विकिस्रोताची जोड देता येईल. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ तेथे सर्वांस विनामूल्य खुले होतात. मूळ पानाचे छायाचित्र समोर ठेवून एकजण मजकूर तपासतो; दुसऱ्याने पुन्हा तपासल्यावरच ते पान प्रमाणित होते. पोथी लिहिणारा एक आणि शोधणारा दुसरा, ही आपलीच जुनी रीत.

मात्र जुने पारिभाषिक शब्द जाणणारे वडीलधारे विरळ होत चालले आहेत आणि संगणक जाणणाऱ्या नातवंडांस ते शब्द अपरिचित आहेत. दोघे शेजारी बसल्याविना हे कार्य होणार नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिन्याचा एक रविवार, स्वाध्यायानंतरचे दोन तास, यासाठी राखावेत.

कापडाचा तागा कापला की कमी होतो. ग्रंथाची प्रत दिली तरी मूळ ग्रंथ घरीच राहतो. बंद कपाटात मात्र त्याला वाळवीच वाचते.

जय जिनेंद्र!