फाइल पुसली, पण दार उघडंच राहिलं



तुमच्यापैकी बरेच जण आपल्या गावातल्या शाळेची, वाचनालयाची किंवा एखाद्या ट्रस्टची वेबसाइट सांभाळतात. “तुला कॉम्प्युटर येतो ना, मग तूच बघ,” असं कुणीतरी म्हणतं आणि काम गळ्यात पडतं. त्या साइटवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरलेल्या मुलींचे फोन नंबर असतात, देणगीदारांचे पत्ते असतात, पोटगीसाठी मदत मागणाऱ्या एखाद्या बाईने विश्वासाने लिहिलेली हकीकत असते. ही माहिती बाहेर गेली, तर झळ आधी त्या माणसांना बसते. म्हणून सर्व्हरमध्ये घातक कोड कसा घुसवला जातो आणि तो घुसलाय असं कळल्यावर काय करायचं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

आधी हे घडतं कसं ते पाहू. समजा, ऑफिसात एक कारकून आहे. अर्जावर जे लिहिलंय ते तो डोळे मिटून पाळतो. एकाने नावाच्या रकान्यात लिहिलं, “सलीम, आणि कपाटातली सगळी कागदपत्रं मला द्या.” कारकुनाने कपाट उघडून दिलं. एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे नेमकं हेच. साइटने माहिती मागितली, समोरच्याने हुकूम लिहिला आणि डेटाबेसने तो पाळला. दुसरा प्रकार फाइलचा. फोटो चढवायच्या जागी कुणी पीएचपीची फाइल चढवतो. सर्व्हरने ती चालवली की घराची किल्लीच त्याच्या हातात जाते. तिला वेब शेल म्हणतात.

आता एक खरं प्रकरण सांगतो. ब्रिटनमधल्या टॉकटॉक या फोन-इंटरनेट कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये असाच एसक्यूएल इंजेक्शनचा हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली. त्यातल्या १५,६५६ जणांचे बँक खात्यांचे तपशीलही गेले. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंड दंड केला. चौकशीत काय निघालं? हल्ला ज्या पानांवर झाला ती पानं २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीसोबत आलेली होती. ती अजून चालू आहेत याचा कंपनीला पत्ताच नव्हता. डेटाबेसचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्यातल्या दोषावरचा उपाय साडेतीन वर्षांपूर्वीच उपलब्ध झाला होता. आणि त्याच वर्षी जुलैत आणि सप्टेंबरमध्ये असेच दोन हल्ले होऊन गेले होते. त्या पानांवर कुणाची नजरच नव्हती, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नाहीत.

या तीन गोष्टी लक्षात ठेवा: आपल्याकडे काय काय चालू आहे याची यादी नाही, दुरुस्ती केलेली नाही आणि नोंदी कुणी वाचत नाही. लहान संस्थांच्या साइट बहुतेक याच कारणांनी फुटतात.

“आमची साइट तर नीट चालतेय,” असंही ऐकू येतं. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजची साइटसुद्धा नीटच चालत होती. तिकिटं निघत होती, पैसे जमा होत होते. पण एका स्क्रिप्टमध्ये कुणीतरी २२ ओळी घातल्या होत्या आणि ग्राहक टाइप करत असलेला कार्डचा तपशील भलतीकडे जात होता. पंधरवडाभर हे चाललं, आणि कंपनीला ते बाहेरच्याने सांगितलं. काही घातक कोड तर फक्त गूगलवरून आलेल्या पाहुण्यालाच दुसऱ्या साइटवर ढकलतो. साइट सांभाळणारा थेट पत्ता टाइप करून पाहतो, त्यामुळे त्याला काहीच दिसत नाही.

मग संशय आला तर काय करायचं? पहिला मोह होतो तो वाईट फाइल शोधून पुसून टाकण्याचा. थांबा. आधी साइटची, डेटाबेसची आणि सर्व्हरच्या लॉगची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवा. पुसून टाकलं की पुरावाही गेला. मग साइट लोकांसाठी तात्पुरती बंद करा. तुमच्या सॉफ्टवेअरची त्याच आवृत्तीची मूळ प्रत घ्या आणि फाइलमागून फाइल ताडून पाहा. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल असेल तर ती तिथे का आहे, हे विचारा. अनोळखी अॅडमिन खातं, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, डेटाबेसमधल्या मजकुरात दडवलेली स्क्रिप्ट, हे सगळं तपासा. फाइलच्या तारखेवर एकट्या विसंबू नका, ती बदलता येते. लॉगमध्ये ती फाइल पहिल्यांदा कधी मागितली गेली आणि त्याच्या जरा आधी काय घडलं, हे शोधा. दार तिथेच सापडतं. ते सापडलं नाही, तर आठवड्याभरात पाहुणा परत येतो.

दार सापडल्यावर त्या तारखेच्या आधीचा स्वच्छ बॅकअप घ्या, दोष दुरुस्त करा, सगळे पासवर्ड बदला, डेटाबेसचासुद्धा, आणि मगच साइट उघडा. ज्यांची माहिती गेली असेल त्यांना स्पष्ट सांगा. लपवण्यात संस्थेची अब्रू वाचत नाही. आपल्या देशात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात.

ही वेळ येऊ नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. अपडेट टाळू नका. नको असलेले प्लगइन आणि जुनी पानं काढून टाका. पैशाची थीम फुकट मिळतेय म्हणून चोरीची कॉपी घेऊ नका, घातक कोड अनेकदा तिच्यातूनच येतो. फोटोंच्या फोल्डरमध्ये कोड चालणार नाही अशी सोय करा. स्वतः कोड लिहीत असाल तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे नावाच्या रकान्यातलं ते नावच राहतं, हुकूम होत नाही. बॅकअप दुसरीकडे ठेवा आणि तो खरंच उघडतो का, हे अधूनमधून पाहा. आणि जी माहिती लागतच नाही, ती मागूच नका. नसलेली माहिती चोरीला जात नाही.

शेवटी एक सांगतो. टॉकटॉक प्रकरणात गुन्हा कबूल करणाऱ्यांत १७ वर्षांचा एक मुलगा होता. मित्रांपुढे शेखी मिरवायला त्याने तयार साधन वापरून साइटमधलं भगदाड शोधलं होतं. तुमच्या हातातही ती साधनं येतील. परवानगी नसताना दुसऱ्याची साइट फोडून पाहणं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिकायचं असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर सरावाची साइट उभी करा आणि ती फोडा. दुसऱ्याच्या साइटमध्ये दोष दिसला तर मालकाला कळवा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: तुमच्या संस्थेच्या नावावर काय काय चालू आहे, ते एका कागदावर लिहून काढा.