गरोदरपणातलं रक्त : गुठळी, वार आणि एक स्वस्त गोळी

दिवस भरत आलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. बाळ जन्मलं, पाठोपाठ वार सुटली, की जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं एकदम उघडी पडतात. गर्भाशय आवळून ती दाबून टाकतं. उरलेलं काम रक्ताने स्वतः गोठून करायचं असतं. शरीर या घटकेची तयारी काही महिने आधीपासून करतं. रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, गोठवणारे इतर अनेक घटक वाढतात आणि गोठण्याला आळा घालणारं 'प्रोटीन एस' कमी होतं. तयार झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही मंदावते. तिला मंद करणारं एक द्रव्य तर वारच तयार करते.

या तयारीमुळे बाळंतीण वाचते. पण तिची किंमतही आहे. याच वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईच्या तुलनेत गरोदर बाईच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका चार ते पाच पट असतो. बहुतेक वेळा ही गुठळी डाव्या पायात होते, कारण डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते आणि वाढत्या गर्भाशयाच्या भाराने आणखी दबते. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर सर्वांत जोखमीचे. बाळंतिणीने बाजेवरून उठू नये, पाणी बेताने प्यावं, हे आपल्याकडचे जुने समज नेमके याच आठवड्यांत पाळले जातात. ते सोडायला हवेत. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर घरगुती शेक घेत न बसता दवाखाना गाठायला हवा.

आता प्रीएक्लॅम्प्सियाकडे वळू. साध्या भाषेत सांगायचं तर विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढतो आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागतो. प्रकरण हाताबाहेर गेलं तर झटके येतात. याचाच एक उग्र प्रकार अमेरिकेतले डॉक्टर लुई वाइनस्टीन यांनी १९८२ साली वेगळा करून दाखवला आणि त्याला 'हेल्प' हे नाव दिलं. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट झपाट्याने घटतात. एरवी दीड लाखाच्या वर असणारी प्लेटलेटची संख्या एक लाखाच्याही खाली घसरते. अशा बाईच्या पोटात वरच्या बाजूला, उजवीकडे दुखतं. घरचे म्हणतात, पित्त झालंय. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात आणि पित्ताची गोळी देऊन परत पाठवतात. रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यामुळे बायका दगावल्या आहेत.

प्लेटलेट घटतात म्हणजे जातात कुठे? बारीक रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी सूक्ष्म गुठळ्या होतात आणि प्लेटलेट तिथे खर्ची पडतात. अशा बायकांच्या वारेची तपासणी करणाऱ्यांनाही तिच्यात गुठळ्या आणि रक्ताअभावी मेलेले भाग दिसत आले होते. त्यावरून सरळ निष्कर्ष निघाला : वारेत रक्त गोठतं म्हणून आजार होतो, तेव्हा रक्त पातळ करा, आजार टळेल. पुढची चाळीसएक वर्षं संशोधक या निष्कर्षाची परीक्षा घेत राहिले. त्या परीक्षेत तो अर्धाच खरा ठरला.

त्यातली एक वाट अ‍ॅस्पिरिनची. १९७९ साली क्रँडन आणि इशरवुड या दोघांचं एक छोटं पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आलं. गरोदरपणात काही कारणाने नियमित अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या बायकांना प्रीएक्लॅम्प्सिया कमी झालेला दिसतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याला शास्त्राचा आधारही होता. प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य सोडतात. त्याने प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि रक्तवाहिनी आकसते. उलट रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवतं. त्याने वाहिनी सैल होते. प्रीएक्लॅम्प्सियात पारडं थ्रॉम्बॉक्सेनच्या बाजूला झुकलेलं असतं. अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा प्लेटलेटमधलं हे काम कायमचं बंद पाडते, कारण प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे त्यासाठी लागणारं विकर तिला नव्याने बनवता येत नाही. अस्तराच्या पेशी मात्र ते पुन्हा बनवतात.

१९८५ मध्ये पॅरिसच्या बोफिल्स आणि सहकाऱ्यांनी जोखमीच्या १०२ बायकांवर प्रयोग केला. निम्म्या बायकांना तिसऱ्या महिन्यानंतर रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि सोबत डायपिरिडामोल दिलं. निकाल उत्साह वाढवणारे होते, आणि मग मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांतली सर्वांत मोठी 'क्लास्प', १९९४ सालची : १६ देश, ९,३६४ गरोदर बायका, रोज ६० मिलिग्रॅम. आजार फक्त १२ टक्क्यांनी कमी झाला, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असं संख्याशास्त्राने सांगितलं. अनेक डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनचा नाद सोडला.

खरं तर चूक औषधाची नव्हती. 'क्लास्प'मध्ये बत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच्या बायका घेतल्या होत्या. तोवर वारेचं भलंबुरं ठरून गेलेलं असतं. १९६० च्या दशकात बेल्जियमचे इव्हो ब्रोसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी या धमन्यांत शिरतात, त्यांचं स्नायूंचं आवरण काढून टाकतात आणि अरुंद नळीचा रुंद पाट करतात. प्रीएक्लॅम्प्सियात हे काम अर्धवट राहतं. पाचवा महिना सरेपर्यंत जे रुंद झालं नाही, ते पुढे होत नाही. मग सातव्या-आठव्या महिन्यात दिलेली गोळी काय करणार?

हा धडा पचायला दोन दशकं गेली. अखेर २०१७ मध्ये लंडनचे कायप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या गटाने 'अ‍ॅस्प्रे' चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांनी अकरा ते चौदा आठवड्यांच्या २६ हजारांहून अधिक गरोदर बायकांचा रक्तदाब, रक्ताच्या चाचण्या आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी तपासली. त्यांतल्या जोखमीच्या १,७७६ जणी चाचणीत आल्या. निम्म्यांना रात्री झोपताना १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. सदतिसाव्या आठवड्याआधी बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया निष्क्रिय गोळीच्या गटात ४.३ टक्के जणींना झाला, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. पूर्ण दिवसांच्या वेळी होणारा आजार मात्र कमी झाला नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. हृदयविकाराच्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिली जाते तीच ही गोळी, अतिशय स्वस्त. ती कुणाला आणि कधी द्यायची हे समजायला क्रँडन-इशरवुड यांच्या पत्रानंतर ३८ वर्षं लागली.

दुसरी वाट हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनची. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीशी निगडित एक जनुकीय दोष सापडला. त्याला 'फॅक्टर फाइव्ह लायडन' म्हणतात. १९९९ मध्ये तेल अवीवच्या कुपफर्मिंक आणि सहकाऱ्यांनी गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया, वार आधीच सुटणं, बाळाची वाढ खुंटणं किंवा मृत बाळ जन्मणं अशा संकटातून गेलेल्या ११० बायका तपासल्या. त्यांतल्या ६५ टक्के जणींत रक्त गोठण्याचा काही ना काही दोष निघाला. सुखरूप बाळंत झालेल्यांत तो १८ टक्केच होता. ज्यांची बाळं गेली होती त्यांना पहिल्यांदाच कारण मिळाल्यासारखं वाटलं. जगभर बायका रोज पोटात हेपॅरिनची सुई टोचून घेऊ लागल्या, तेही चाचणीने उपयोग सिद्ध होण्याआधी.

ती चाचणी कॅनडातले मार्क रॉजर यांनी केली. पाच देशांतल्या २९२ बायका गोळा व्हायला बारा वर्षं लागली. २०१४ मध्ये निकाल आला : इंजेक्शन घेणाऱ्यांत १७.१ टक्के जणींना त्रास झाला, न घेणाऱ्यांत १८.९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. एका गटाला मात्र हेपॅरिनचा खरोखर उपयोग होतो. ज्यांचं शरीर अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिपिंडं बनवतं आणि ज्यांचे गर्भपात पुन्हापुन्हा होतात, अशा ९० जणींची चाचणी लंडनला १९९७ साली झाली. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत बाळ झालं, हेपॅरिनची जोड दिल्यावर ७१ टक्के. या दोन निकालांमधली रेघ नीट पाळायला हवी. आपल्याकडे तर फॅक्टर फाइव्ह लायडन युरोपच्या मानाने बराच दुर्मीळ. तरीही एकदोन गर्भपातांनंतर महागड्या तपासण्यांची यादी आणि इंजेक्शनांचा कोर्स हातात पडतो. गर्भ गमावलेल्या जोडप्याला नाही म्हणवत नाही, म्हणूनच डॉक्टरांची जबाबदारी इथे वाढते.

गुठळीचा तर्क अपुरा का पडला, याचं उत्तर २००३ साली बॉस्टनमध्ये मिळालं. भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकारी शॅरन मेनार्ड यांना आजारी वार एक प्रथिन भरमसाट सोडते असं आढळलं. त्याचं नाव एसएफएलटी-१. रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणारी वाढद्रव्यं ते पकडून ठेवतं. उंदरांच्या शरीरात हे प्रथिन वाढवल्यावर त्यांचा रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिनं गेली आणि मूत्रपिंडात प्रीएक्लॅम्प्सियात दिसतात तसेच बदल झाले. म्हणजे इजा आधी अस्तराला होते आणि रक्त नंतर गोठतं. गुठळी बहुतांशी परिणाम आहे. तिच्यावर सुई रोखून मूळ दुखणं हलत नाही. याच प्रथिनाच्या मोजमापावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. दवाखान्यात दाखल झालेल्या कोणत्या बाईचा आजार पुढच्या दोन आठवड्यांत उग्र होईल, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

झटके रोखण्याचा उपाय मात्र जुनाच, मॅग्नेशियम सल्फेट. २००२ च्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. पाश्चात्त्य वजनांवर बेतलेली मात्रा आपल्या किरकोळ अंगाच्या बायकांना जड जाते, हे ओळखून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत वापरली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या कामाची दखल महाराष्ट्रात जेवढी घेतली जायला हवी होती, तेवढी घेतली गेली नाही.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून हा कार्यक्रम चालू आहे. तिथे चौथा महिना संपण्याआधी गेलं तरच अ‍ॅस्पिरिनचा विचार वेळेत होऊ शकतो, अर्थात डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. मनाने ही गोळी घ्यायची नाही. आणि हा आजार बाळंतपणाबरोबर संपतो असंही नाही. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, असं २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. पन्नाशीच्या बाईच्या केसपेपरवर साखर, रक्तदाब, तंबाखू सगळ्याची नोंद होते. बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, हे क्वचितच विचारतात. तिची मुलगी पहिलटकरीण म्हणून तपासायला येते तेव्हाही हा प्रश्न आईला विचारायला हवा, कारण आईला हा आजार झाला असेल तर मुलीची जोखीम वाढते, आणि सोळा आठवड्यांच्या आत ते कळलं तर त्यावर करण्यासारखं काहीतरी आज हातात आहे.